मालननं मागितलेले आठ दिवस

“आज तारीख किती गं?” अण्णांनी देवघरातून विचारलं.

घरात ही तारीख कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. गेले दोन महिने आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. माझ्या नव्या साडीला फॉल लावून झाला होता, माहेरी सांगावा गेला होता, गुलालाची पोती कुणी आणायची तेही ठरलं होतं. तरी मी शहाण्या सुनेसारखं उत्तर दिलं, “चार मे.”

“मग ये इकडं. घाल.”

अण्णा म्हणजे माझे सासरे, बाबूराव नलवडे. नेरवडीत वीस वर्षं त्यांच्या शब्दाबाहेर ग्रामपंचायत गेली नव्हती. त्यांनी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून पितळी डबा काढला आणि त्यातला घडीचा कागद माझ्यापुढं धरला. ‘मी, सौ. मालन रामचंद्र शेडगे, सरपंच, नेरवडी, घरगुती अडचणीमुळे माझ्या पदाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे.’ खाली मालनची सही. तारखेची जागा तेवढी कोरी. मालन सरपंच झाली त्याच संध्याकाळी हा कागद तिच्याकडून घेतलेला होता आणि वर्षभर तो आमच्या देवांच्या पायाशी होता. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णांना बारीक लिहिता येत नव्हतं आणि घरात माझं अक्षर सगळ्यांत बरं. मी पेन घेतलं आणि तारीख घातली. हात कापला वगैरे काही नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

“तू संगं जा,” अण्णा म्हणाले. “ज्ञानू हायेच. सभापती बाईला तोंडावर इचारत्यात, खुशीनं देताय का म्हणून. तितं तिनं कच खाल्ली तर वरीस वाया.”

“ती नाही फिरायची, अण्णा. भंडारा उचललाय.”

“म्हणून तर तुला धाडतोय. तू म्होरं दिसलीस की भंडारा ध्यानात ऱ्हाईल.”

ही वर्षांची वाटणी कशी झाली ते सांगायला हवं. निवडणुकीत आमच्या पॅनलचे नवापैकी सहा सदस्य आले. सरपंचपद बाईसाठी राखीव, आणि सहांत बायका तीन. मग पाच वर्षांचे तुकडे पडले. पहिलं एक वर्ष मालनला, पुढची दोन मला, शेवटची दोन तिसरीला. मालन ओढ्यापलीकडच्या वाडीची. वाडीच्या मतांवर पॅनल निवडून आलं होतं, म्हणून मान पहिला. पण वाडीला एक वर्ष पुष्कळ झालं, असा अण्णांचा हिशोब. निनाईच्या देवळात आम्ही तिघींनी भंडारा उचलून शपथ घेतली की आपली पाळी संपली की पुढचीला खुर्ची द्यायची. कोर्टात खोटं बोलून आलेली माणसं आमच्या गावात ढिगानं सापडतील. निनाईचा भंडारा उचलून फिरलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

सगळ्यांना वाटलं होतं, मालन वर्षभर सही करील आणि घरी जाईल. चौथी शिकलेली बाई, नवरा मुंबईला गोदीत, पदरी एक मुलगी. पहिल्या मासिक सभेला ती आली ती ओढ्यातून गुडघाभर पाण्यातून, लुगडं ओलं, चपला हातात. खुर्चीवर बसली आणि ग्रामसेवकाला म्हणाली, “पयला इषय साकवाचा घ्या.”

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. वाडीची माणसं पिढ्यान् पिढ्या तो मागत होती. जून लागला की ओढा चार महिने आडवा पडायचा. वाडीत शाळा चौथीपर्यंत. पाचवीला नेरवडीत यावं लागे. मुलगे कसेही ओढा ओलांडत, वाहून जाता जाता वाचत. पोरींना कोण सोडणार? त्या चौथीनंतर घरी बसत. मालन सरपंच झाली तेव्हा अशा सात पोरी वाडीत शेण-पाणी करत होत्या. त्यांत आठवी भर पडणार होती ती मालनच्या छायाची, कारण त्या वर्षी ती चौथीत होती.

त्या वर्षात मालन किती वेळा तालुक्याला गेली असेल, मोजलं नाही. एकदा इंजिनियरसाहेबांच्या दारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाकरी बांधून बसली होती, तेव्हा मीही बरोबर होते. शिपाई म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. मालन म्हणाली, “मंग त्यांची गाडी कुनाला घिऊन आलीया?” साहेब मागच्या दारानं आलेले तिनं पाहिले होते. संध्याकाळी साहेबांनी फाईल काढली. आम्ही दोघी शेवटच्या गाडीनं हसत हसत परत आलो. तेवढं मी कधी कुणाबरोबर हसले नव्हते.

जागेचा ठराव तिनं ग्रामसभेत करून घेतला, अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात असताना. वाडीच्या चाळीस बायका एका रांगेत येऊन बसल्या आणि साकव वाडीच्या उतारावरच व्हावा म्हणून हात वर केले. अण्णा परत आले, हिरवी पट्टी डोळ्यावर, आणि ते ऐकून जेवले नाहीत. त्यांना साकव हवा होता वर, दीड मैलावर, आमच्या पलीकडच्या मळ्यापाशी. “साकव कुटंबी झाला तरी वाडीचाच की,” ते म्हणायचे. दीड मैल वर चढून दीड मैल खाली यायचं, तेही रानातून. पावसाळ्यात कोण पोरीला तसं धाडील, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

चार मेला पायाचे खड्डे तयार होते. खडी आली होती, वाळू आली होती. ठेकेदाराचा मिक्सर दुसऱ्या गावाला अडकला होता, तो पुढच्या मंगळवारी येणार होता. अशा वेळी तिचं वर्ष संपलं.

स्टँडवर मालन आमच्याआधी येऊन उभी होती. धुतलेलं हिरवं लुगडं, केसाला तेल. उपसरपंच ज्ञानू जगताप, अण्णांचा उजवा हात, तिला पाहून म्हणाला, “आक्का, टायमाला आलात. लई ब्येस.”

“यायचंच हुतं की,” ती म्हणाली. माझ्याकडे पाहून मान हलवली. कागद माझ्या पर्समध्ये होता हे तिला माहीत होतं. तिची नजर एकदा पर्सवर आली आणि निघून गेली.

गाडीत ज्ञानू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि त्यानं दोनदा वळून आमच्याकडे पाहून घेतलं. आम्ही दोघी पार मागं. मेचं ऊन खिडकीतून मांडीवर येत होतं. तालुका तासाभराचा रस्ता. पंधरा मिनिटं गेली. मग घाट लागला, गाडीचा आवाज वाढला, तेव्हा ती जवळ सरकली.

“वैनी, एक मागायचं हाय.”

“सांगा की, आक्का.”

“आठ दिस.”

मला कळलं, तरी विचारलं, “कसले?”

“मंगळवारी मिक्सर येतूया. बुधवारी पाया भरला की साकव कुनाच्या बापाला हलवता यायचा न्हाई. बेस्तरवारी मी सोता कागुद घिऊन येती. तुमी नुसतं म्हना, आज न्हाई.”

“आक्का, अण्णांना विचारा ना.”

“अण्णांची शपथ कुटं घेतलीया मी?” ती अगदी हळू बोलत होती. “भंडारा तुमच्यासाटी उचलला. माझ्यामागं पाळी तुमची. तुमी सोडलं तर सुटलं. अण्णा साक्षीचं धनी, बाकी काय?”

हे खरं होतं. आमच्याकडे भंडाऱ्याची शपथ उतरवायची एकच रीत. ज्याच्यासाठी शपथ घेतली त्यानं देवीचा भंडारा आपल्या हातानं समोरच्याच्या कपाळाला लावायचा आणि ‘सोडलं’ म्हणायचं. मग ना देवीचं बंधन, ना माणसाचं. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी माझ्या हातात होतं, जे अण्णांच्या हातात नव्हतं. नवऱ्याच्याही नाही.

मालननं पदराची गाठ सोडली. आत पिवळाधमक भंडारा. पहाटे देवळात जाऊन आणला असणार. तळहात तिनं माझ्यापुढं धरला, पुढच्या सीटच्या पाठीआड, ज्ञानूला दिसू नये असा.

“तुमच्या वर्साचं आठ दिस कमी हुतील, त्ये मी भरून देती. तुमी खुर्चीत बसल्यावं बी म्या तुमचं काम करीन. तालुक्याला जाईन, फाइली आनीन. नाव तुमचं.”

“आणि मी म्हटलं, साकव मी तिथंच बांधते? उद्या खुर्ची माझीच आहे. मंगळवारी मिक्सर येऊ दे. मी स्वतः उभी राहून पाया भरून घेते.”

“तू भरशील गं,” मालन म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं मला तू म्हटलं. “पन अण्णा भरू देतील?”

“मी पाहीन अण्णांचं.”

“मंग आत्ताच बग की. आत्ता आठ दिस दे आनि घरला जाऊन त्येंना सांग, मी दिलं म्हनून. ह्ये जमलं तर त्येबी जमंल.”

घाट संपत आला होता. ज्ञानूनं वळून पाहिलं. मालननं हात मिटला, तो पुढं पाहायला लागल्यावर पुन्हा उघडला. घामानं भंडारा तळहाताला चिकटत होता.

“छाया पाचवीला जायाची हाय जूनला,” ती म्हणाली. “शाळंत नाव घालून आलीया म्या. मास्तर म्हनलं, पावसाचं काय? म्हनलं, साकव हुतूया. ती रोज सांजच्याला खड्ड्यात उतरून बगती, किती खोल झालं.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

“भ्यालीस?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भंडारा परत पदरात घेतला आणि गाठ बांधली. “तुझं बी बरोबर हाय,” ती म्हणाली. “त्या घरात ऱ्हायचंय तुला.” आणि तालुका येईपर्यंत तिनं माझा हात हातात धरून ठेवला. वास्तविक मी तिचा धरायला हवा होता.

सभापतींच्या केबिनमध्ये पंखा गरगरत होता, वारा मात्र लागत नव्हता. सभापती वयस्क गृहस्थ. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढला.

“वर्षभर चांगलं काम केलंत म्हणे, बाई. साकवाची फाईल इथून गेली तेव्हा मीच म्हटलं होतं, ही बाई काम करणार. मग आता मध्येच?”

“घरगुती अडचन,” मालन म्हणाली.

“स्वखुशीनं देताय? कुणाचा दबाव नाही?”

ज्ञानूनं घसा साफ केला. मालन माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत विनंती नव्हती, राग तर मुळीच नव्हता; ती फक्त वाट पाहत होती. भंडारा अजून तिच्या पदरात होता. मी एक पाऊल पुढं टाकलं असतं, बोट बुडवलं असतं, सभापती, ज्ञानू, शिपाई सगळ्यांसमोर तिच्या कपाळाला लावलं असतं, तर झालं होतं. तेवढंच अंतर, दोन खुर्च्यांचं. मी माझ्या पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

“बाई?” सभापती म्हणाले.

“खुशीनं देतीया,” मालन म्हणाली.

शिक्का पडला. सभापतींनी सही केली, आणि कागद बाजूला ठेवत सहज म्हणाले, “मंजुरीचं पत्र उद्या येईल. नव्या सरपंचांची निवड तहसीलदार लावतील. नोटीस-बिटीस धरून तीनेक आठवडे. तोवर कारभार उपसरपंचांकडे.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “तीन आठवडे?”

“कायद्यानं तसंच असतं, ताई. खुर्ची काही एका हातातून दुसऱ्या हातात देता येत नाही.”

गावात देता येते. हीच आमची चूक, आणि ती आमच्यासारख्यांचीच चूक. नेरवडीत पालखीचा मान असाच जातो, होळीचा असाच जातो, देवळाच्या किल्ल्या अशाच जातात. याच्या हातून सुटलं की त्याच्या हातात, मध्ये क्षणभरही जागा रिकामी नाही. मालन वर्षभर सरपंच होती, मी दहावी पास, पण मध्ये तीन आठवड्यांचं भोक असतं हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. आमच्याआधी कुणी मुदतीच्या मध्ये खुर्ची सोडलीच नव्हती. ज्ञानू जगतापला मात्र माहीत होतं. तो शिपायाला चहा सांगत होता.

मालन जिना उतरताना कठड्याला धरून उतरली. खाली उन्हात उभी राहून म्हणाली, “मंगळवार त्यातच आला.”

“मी बोलते अण्णांशी,” मी म्हणाले. “आजच बोलते.”

आणि मी बोलले. इतकी वर्षं ज्या माणसापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याच्यापुढं मी सोप्यात उभी राहून सांगितलं की साकव वाडीच्या उतारावरच व्हायला हवा. अण्णा जेवत होते. भात कालवता कालवता म्हणाले, “अगं, तू खुर्चीवर बस मंग बोल. आत्ता कोन हायेस तू?” माझे यजमान ताट ढकलून उठले आणि त्या दिवसापासून महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सोमवारी ज्ञानूनं तातडीची सभा लावली. विषय एकच: साकवाच्या जागेत तांत्रिक कारणानं बदल. वर मळ्यापाशी कातळ जवळ लागतो, अशी चिठ्ठी कुठूनशी आणलेली होती. विरोधी पॅनलचे तिघे तरी उभे राहतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचीही रानं पलीकडं, आमच्या मळ्याला लागूनच. ग्रामसेवक मान खाली घालून लिहीत होता.

“कुनाचा इरोध?” ज्ञानूनं विचारलं.

मालननं हात वर केला. मग मी केला. नऊ माणसांत दोन बांगड्या भरलेले हात. ज्ञानूनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अंगावर कपडे घालायला विसरले आहे. मालननंही पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, राजीनाम्याच्या दिवशीही आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ट्रॅक्टर आला आणि खड्डे बुजवून गेला. मिक्सर वरच्या रस्त्यानं मळ्याकडे गेला. छाया उतारावर उभी राहून पाहत होती म्हणे. मी गेले नव्हते.

सव्वीस मेला मी सरपंच झाले. अण्णा आपल्या शब्दाला पक्के, भंडारा त्यांनीही मानला. गुलाल उडाला, नवी साडी रंगली, अण्णांच्या तोंडून त्या सभेनंतर पहिला शब्द आला तो ‘सरपंचबाई’ असा. मी दोन वर्षं काम केलं आणि वाईट केलं नाही. वाडीला नळ नेला. वाडीच्या शाळेला सातवीपर्यंत वर्ग मिळावेत म्हणून खेटे घातले. ते मिळाले, पण माझ्या मुदतीनंतर तीन वर्षांनी. तोवर छाया पंधरा वर्षांची झाली होती आणि तिच्या हातात खुरपं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. सत्तावीस वर्षं झाली, अण्णा गेले, यजमान गेले, आता माझं कोण काय बिघडवणार?

मी गाडीत भ्याले नव्हते. अण्णांची भीती मला होती, नाही असं नाही, पण त्या दिवशी तिचा काही संबंध नव्हता. भ्याले म्हणून थांबले असते, तर त्याच रात्री सोप्यात उभी राहून बोलले कशी असते? सोमवारी हात कसा वर केला असता?

गोष्ट एवढीच होती की गावात सगळे ‘मालनचा साकव’ म्हणायला लागले होते. पाया भरला नव्हता, खड्ड्यात एक पाटी खडी पडली नव्हती, तरी पोरंटोरंसुद्धा म्हणायची, मालनआक्काचा साकव. मी दहावी शिकलेली, मी तिच्या अर्जांचं मराठी सुधारून दिलेलं, मी तिच्याबरोबर दिवसभर इंजिनियरच्या दारात बसलेली, आणि मला गावात नावानं हाक मारणारं माणूस नव्हतं. कुणाची सून, कुणाची बायको, एवढंच. आठ दिवस दिले असते तर पाया तिच्या हातानं भरला गेला असता आणि तो जन्मभर तिचाच राहिला असता. मला तो साकव त्याच जागी, त्याच पोरींसाठी हवा होता. फक्त तो माझा व्हायला हवा होता. आठ दिवसांत काय होतंय, असं मी त्या घाटात मनाशी म्हणत होते. उद्या मी बसते, परवा मी भरते. तिनं “भ्यालीस?” विचारलं, तेव्हा मला ते उत्तर आयतं मिळालं. “हो” म्हटलं की बाईला बाई माफ करते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

साकव झाला. मळ्यापाशी आजही आहे, मजबूत आहे. त्याच्या कठड्यावर संगमरवरी पाटी आहे: सरपंच सौ. प्रमिला हणमंत नलवडे यांच्या कारकिर्दीत. वरून आमच्या उसाच्या गाड्या जातात. गाव त्याला प्रमिलाबाईचा साकव म्हणतं.

छायाचं लग्न सतराव्या वर्षी झालं. मी माजी सरपंच म्हणून गेले होते, पुढच्या रांगेत खुर्ची मांडलेली. अक्षता पडल्या, जेवणं उरकली, तेव्हा मालन लेकीला हाताला धरून माझ्यापुढं घेऊन आली. मांडवात दहा-बारा बायका होत्या. मी उठायला लागले, तिनं खांद्याला धरून बसवलं.

“हिच्या पाया पड,” ती छायाला म्हणाली. “तुझ्या शाळंपायी हिनं सासऱ्याच्या म्होरं हात वर केला हुता. महिनाभर घरात कुनी बोललं न्हाई हिच्यासंगं. लई सोसलंया हिनं आपल्यासाटी.”

बायका माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागल्या. छाया वाकली. तिच्या हातांवर मेंदी होती आणि मेंदीखाली खुरप्याचे घट्टे, ते माझ्या पावलांना लागले.

बोलायला तोंड उघडलं होतं मी. मालन इतक्या मायेनं पाहत होती की मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखी राहा.”